ओला ताणा ओलांडू नये

माझे सासरे म्युनिसिपालिटीचे मेंबर नव्हते, पण एखाद्या मेंबराने बघितल्या नसतील इतक्या मीटिंगा त्यांनी बघितल्या होत्या. जनरल मीटिंगच्या हॉलात मागच्या भिंतीला लागून लोकांसाठी एक बाक असायचा. लोकांनी यावं, बसावं, ऐकावं आणि तोंड मिटून परत जावं असा नियम होता. बेळगावातले बाकीचे लोक मुळात येतच नसत, त्यामुळे त्यांच्याकडून नियम मोडायचा प्रश्न नव्हता. मामंजी मात्र पेठेतल्या तिघा म्हाताऱ्यांना घेऊन न चुकता जायचे. डोक्याला पागोटं, अंगात बंद गळ्याचा कोट आणि हातात काठी. जाताना घरचं लग्न असल्यासारखी घाई, आणि येताना मयतीला जाऊन आल्यासारखं तोंड.

या चौघांचं म्हणणं एकच होतं. घरपट्टी आम्ही भरतो, तेव्हा तिचं काय होतं ते आम्ही बघणार, आणि जे चाललंय ते बरं चाललंय, त्यात उगाच हात घालू नका. रस्त्यावर नवी खडी पडली की मामंजी काठीचं लोखंडी टोक तिच्यात खुपसून थर किती जाड आहे ते बघत. लांबून पागोटं दिसलं की कंत्राटदार शिव्या घालत घालत आणखी दोन पाट्या खडी ओतायचा. एवढ्यापुरतं सगळं गाव त्यांच्या बाजूचं होतं. पण मामंजींना नळ नको होता, विजेचे दिवे नको होते, बागेतलं कारंजं नको होतं, आणि बोळाच्या तोंडावर नावाची पाटीसुद्धा नको होती. आमच्या बोळाचं नाव आम्हाला ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक नाही त्याचं इथं काम काय, असं ते विचारायचे. मेंबर लोक या चौघांना नकारघंटा म्हणत. मला ते नाव कळलं तेव्हा मी चुलीपुढे बसून मनसोक्त हसले.

मी नळाच्या बाजूची होते. विहिरीचा रहाट मामंजी ओढत नव्हते, मी ओढत होते. पण सुनेला मत विचारतो कोण. माझं माहेर निपाणीचं, वडील मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे वाचायला येत होतं आणि जीभ जरा लांब होती. लग्न होऊन मी खासबागेजवळच्या या विणकरांच्या पेठेत आले तेव्हा पहिला महिनाभर मला फक्त वास आठवतो. निपाणीत तंबाखूच्या वखारींमुळे सारखी शिंक यायची, आणि इथे आंबलेल्या खळीनं डोकं उठायचं. हळूहळू नाक सरावलं.

खळ म्हणजे पिठाची पातळ पेज, आदल्या दिवशी शिजवून ठेवलेली. मागावर चढवायच्या आधी सुताच्या ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, ती द्यावीच लागते, नाहीतर विणताना धागे पटापट तुटतात. या कामाला पांजणी म्हणतात. पांजणीला आख्खा ताणा लांबच्या लांब ताणून धरावा लागतो, आणि एवढं लांब अंगण सावकाराच्या घरीसुद्धा नसतं. म्हणून पांजणी रस्त्यात. उजाडलं की पेठेत फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंच्या कैच्या उभ्या राहायच्या, त्यांवर ताणे पसरायचे, आणि दोन्ही बाजूंनी माणसं मोठमोठे कुंचे घेऊन खळ फिरवत चालायची. आज तुमचा ताणा, उद्या आमचा, अशी सावड असे. ज्याचा ताणा नसेल तोही कुंचा धरायला येई. कोवळ्या उन्हात सूत वाळलं की गुंडाळायचं, बांबू काढायचे, आणि पेठ मोकळी.

पेठेचा एक रिवाज होता. ओला ताणा कुणी ओलांडायचा नाही. पलीकडे जायचं असलं तर टोकापर्यंत वळसा घालून जायचं. आणि कुणाला अगदीच घाई असली, ओलांडल्याशिवाय गत्यंतरच नसलं, तर त्यानं त्या ताण्यातला एक तुटलेला धागा सांधून द्यायचा आणि मग जायचं. मग तो टपालवाला असो की कासार. एका नवरदेवानं घोड्यावरून उतरून धागा सांधला होता असं मी ऐकलेलं आहे. बघितलेलं नाही, त्यामुळे खरंच आहे असं म्हणत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मला पहिल्यांदा दिवस गेले होते. एका संध्याकाळी मामंजी मीटिंगहून आले ते पागोटं न काढता ओसरीवर तसेच बसून राहिले. मीटिंगमध्ये नव्या पोटनियमाचा मसुदा आला होता. सार्वजनिक रस्त्यात बांबू, सूत किंवा कसलाही सांगाडा उभा करायचा नाही. गावात मोटारी वाढल्या आहेत, रस्ते मोकळे पाहिजेत, आणि खळीच्या घाणीवर माशा बसतात. विणकरांनी आपली पांजणी येळ्ळूरच्या रस्त्याला असलेल्या माळावर न्यावी. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि त्यानंतर मतं घेऊन पोटनियम कायम होणार होता.

माळावर वारा असा की डोक्यावरचा पदर जागेवर राहत नाही. तिथे ओला ताणा पसरला तर धाग्यात धागा अडकून त्याची जट होणार आणि वर धूळ बसणार. ही गोष्ट पेठेत कुणाला समजावून सांगावी लागली नाही. रस्ता गेला की माग गेला.

त्या रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "आप्पा, पेठ बंद झाली तर मी सोलापूरला जातो. गिरणीत वळखीचं लोक हाईत."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडावर आणत नसे. माझे थोरले दीर माझ्या लग्नाच्या आधी असेच सोलापूरला गिरणीत गेले होते. तिथे ते तापानं आजारी पडले. इकडे कळलं तोपर्यंत सगळं उरकलं होतं. आत्याबाईंना पोराचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आता दुसरा, आणि शेवटचा, त्याच वाटेनं निघाला होता. त्या दिवसापासून आत्याबाई बोलायच्या कमी झाल्या, आणि आधीच त्या कुठे फार बोलत होत्या. मी रोज उठून पोटावर हात ठेवायची आणि मनात म्हणायची, बापाशिवाय जन्मू नको रे बाबा.

मला राग आला तो मामंजींचा. खोटं कशाला बोलू. चौघांनी हरकत दिली होती, आणि ती वाचल्यावर हॉलात हशा पिकला असं आमच्या ह्यांच्या कानावर आलं होतं. नळाला नको, दिव्याला नको, पाटीला नको, आणि आता पोटनियमालाही नको. रोज मरे त्याला कोण रडे. खरोखर पोटावर पाय आला तेव्हा ओरडायला आवाजच उरला नव्हता. कारंज्याला विरोध करण्यात जो जोर घालवला तो आजच्यासाठी राखून ठेवला असता तर काय बिघडलं असतं, असं मी भांडी घासताना त्या भांड्यांना विचारत असे.

पण म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष जरा निराळे निघाले. ते वकील होते, गावातल्या जुन्या घरातले, पुण्याला शिकून आलेले. मेंबरांचं हसून झाल्यावर ते म्हणाले, "मत द्यायच्या आधी एकदा बघून तरी येऊ." आणि सकाळी कोर्टाच्या आधी पेठेत यायचं त्यांनी कबूल केलं.

मामंजी त्या दिवशी घरी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. स्वतः अध्यक्ष पेठेत येणार होते. बाकावर बसून ज्यांना लांबूनच बघितलं ते समोरून येणार. मामंजींनी देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना गोळा केलं आणि हुकूम सोडला. पेठ आरशासारखी लख्ख दिसली पाहिजे. सडा, रांगोळी, दारादारात तोरण. आणि त्या दिवशी रस्त्यात एकही ताणा पडता कामा नये. एक कैची, एक बांबू दिसता कामा नये. पेठेनंही माना डोलावल्या. आमची माणसंच तशी. पाहुणा यायचा म्हटलं की घरात रोज ज्यावर बसतो ते घोंगडं उचलून कोनाड्यात कोंबतात आणि नसलेली सतरंजी शेजाऱ्याकडून आणतात. मुलगी दाखवायची असावी तशी आमची पेठ सजायला लागली.

ते यायच्या आदल्या संध्याकाळी मला राहवेना. सासऱ्यांशी थेट बोलायची पद्धत नव्हती, म्हणून मी आत्याबाईंना म्हणाले, पण ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, "आत्याबाई, ताणा न्हाय घातला तर ते लोक बघनार काय?"

ओसरीवरून उत्तर आलं, तेही आत्याबाईंनाच. "सांग तिला, पाव्हन्याफुडं कुनी चुलीतली राख मांडत न्हाय."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "उद्याची खळ झालीया."

"टाकून दे."

टाकून दे हे शब्द आत्याबाईंच्या घरात कुणी वापरत नसे. त्या शिळ्या भाकरीचा कुस्करा करायच्या, फाटक्या लुगड्याची वाकळ शिवायच्या, आणि वाकळ फाटली की तिची पायपुसणी करायच्या. शिवाय तो ताणा एका लग्नाच्या लुगड्यांचा होता आणि मुहूर्त जवळ आला होता. आत्याबाई खळीच्या भांड्यावर झाकण ठेवून आत निघून गेल्या.

सकाळी उजाडता उजाडता त्यांनी मला हलवलं. मामंजी आंघोळ करून केव्हाच देवळाकडे गेले होते.

"ऊठ गं. कैच्या काढ."

"आनी मामंजी?"

"त्येंनी पेठंत घालू नगा म्हटलंय. बोळात घालू नगा असं कुटं म्हटलंय?"

आमच्या घराच्या पाठीमागे एक बोळ होता. पेठेतून एका फटीतून त्यात शिरता येई आणि समोरच्या फटीतून मोठ्या रस्त्याला बाहेर पडता येई. आम्ही तिथे ताणा पसरला. आमचे हे एका बाजूला कुंचा घेऊन, दुसऱ्या बाजूला आत्याबाई, शेजारच्या दोघी मदतीला, आणि मी खळीचं भांडं घेऊन मागे मागे. ह्यांनी आईला एकदाही विचारलं नाही की आप्पांना काय सांगायचं. घरात बापाचा शब्द मोठा असतो हे खरं, पण पहाटे उठून पोरांना कामाला लावणाऱ्या आईपुढे तो जरा लहानच पडतो. बोळ लांबीला जेमतेम पुरला. दोन्ही फटींच्या मधून ताणा गेला होता आणि अलीकडच्या टोकाला भिंतीतल्या खुंटीपाशी गुडघ्याएवढा खाली उतरला होता. वळसा घालायला जागा होती ती पलीकडच्या टोकाला.

तिकडे पेठेत गडबड उठली तशी मी भांडं ठेवून फटीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. अध्यक्ष आले होते. बरोबर एक ओव्हरसियर आणि दोन मेंबर. मामंजींनी हार घातला, पोहे दिले, चहा दिला. अध्यक्षांनी मान फिरवून पेठ बघितली. रांगोळ्या, तोरणं, आणि सुईसारखा सरळ मोकळा रस्ता.

ओव्हरसियर म्हणाला, "बघा साहेब, काय सुंदर दिसतंय. हेच आपण म्हणतोय."

अध्यक्षांनी मामंजींना विचारलं, "आज कुणाची पांजणी नाही का?"

"न्हाय जी. आज सगळी बंद."

"अडलं का कुणाचं?"

मामंजी काय बोलणार. अडलं म्हणावं तर पेठ सजवली कशाला, आणि नाही म्हणावं तर हरकत दिली कशाला. ते हात जोडून उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका टिपणाऱ्या माणसाला आपली चूक तोंडासमोर दिसली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले, "मग एक दिवस बंद ठेवता येतं, तर रोजही दुसरीकडे करता येईल की." झालं. आमचे हे सोलापूरच्या गाडीत बसलेले मला तिथेच दिसायला लागले.

अध्यक्षांना कोर्टाची घाई होती. मोटार मोठ्या रस्त्याला उभी होती. पेठेला वळसा घालून जाण्यापेक्षा मधल्या बोळातून लवकर पोचू, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. मामंजीही बरोबर निघाले, निरोप द्यायला. मी धावत परत आले, पण काय सांगायला आणि कुणाला. ताणा काही पदरात लपवता येत नाही.

अध्यक्ष फटीतून बोळात आले आणि समोर ताणा आडवा. मामंजी त्यांच्या मागे. त्यांनी आधी ताणा बघितला, मग कुंचा हातात धरलेली आपली बायको बघितली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, धोतराचा सोगा हातात धरला आणि खुंटीपाशी, जिथे ताणा खाली आला होता तिथे, पाय उचलला.

"ओलांडू नगासा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. कुणी पोर वाकडं पाऊल टाकत असावं आणि त्याला सांगावं तसं त्या म्हणाल्या. अध्यक्षांचा पाय हवेत राहिला आणि मग जागेवर आला.

"का?"

"ओला हाय. वळसा घालून जावा. न्हायतर एक धागा सांधा आनी मग ओलांडा."

ओव्हरसियर पुढे सरला. "अहो बाई, कुणाशी बोलताय कळतंय का?"

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "नवरा मुलगा असंल तरी सांधतो. पेठंचा रिवाज हाय."

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. पण तो जुन्या घरातला होता. दाराबाहेर चपला काढायला लावल्या तर जसा काढेल तसाच तो वाकला. आत्याबाईंनी एक तुटलेला धागा त्याच्या पुढ्यात धरला, दोन टोकं दाखवली, खळीत बोट बुडवून पीळ कसा द्यायचा ते एकदा करून दाखवलं. अध्यक्षांनी पीळ दिला. धागा सुटला. पुन्हा दिला. पुन्हा सुटला. आमच्या ह्यांना हसू आवरेना, म्हणून ते पाठमोरे होऊन कुंचा झटकायला लागले. मी आयुष्यात इतकी घाबरलेली आणि इतकी हसू दाबणारी एकाच वेळी कधी झाले नाही.

अध्यक्ष जिद्दीला पेटले. त्यांनी हातातली काठी मेंबराकडे दिली आणि उकिडवे बसले. तेवढ्यात बोळात नेहमीची रहदारी सुरू झाली. एक दूधवाली म्हैस घेऊन आली आणि भिंतीच्या कडेनं टोकापर्यंत जाऊन वळसा घालून गेली. पाठीला दप्तरं अडकवलेल्या पोरी तशाच गेल्या. कंग्राळीकडचा एक भाजीवाला डोक्यावर पाटी घेऊन आला, अध्यक्षांना धागा सांधताना बघून थबकला, "चालू द्या," म्हणाला आणि वळसा घालून गेला. कुणी कुरकुरलं नाही. अध्यक्ष मान वर करून एकेकाकडे बघत होते.

"हे लोक रोज असेच जातात?" त्यांनी विचारलं.

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या.

"मग रस्ता अडतो कुणाचा?"

आत्याबाईंनी कुंचा खळीत बुडवला. "कुनाचा न्हाय. तुमचाच अडलाय."

ओव्हरसियरनं डोळे मिटले. अध्यक्ष मात्र हसले, आणि चांगले मोकळे हसले. मग त्यांनी मामंजींकडे मान वळवली. "आणि पेठेत आज हे का नव्हतं?"

मामंजींच्या आधी आत्याबाईच बोलल्या. "पाव्हनं येनार म्हनून झाडून काढली."

"म्हणजे मी जे बघायला आलो तेच तुम्ही झाकून ठेवलं होतं?"

मामंजींनी मान खाली घातली. म्युनिसिपालिटीच्या हॉलात इतकी वर्षं ताठ बसलेल्या त्या माणसाची मान खाली गेलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली, आणि खरं सांगते, माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. बिचारे. त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं. आपली पेठ चांगली दिसावी एवढंच त्यांना वाटलं होतं.

धागा एकदाचा सांधला गेला. गाठ बोरासारखी जाड झाली होती, पण आत्याबाईंनी तिला काही नाव ठेवलं नाही. तोवर ताण्याचं पलीकडचं टोक वाळलं होतं आणि ह्यांनी ते गुंडाळायला घेतलं होतं. अध्यक्षांनी आता ओलांडून जायला हरकत नव्हती, पण ते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही ताणा गुंडाळला, कैच्या उचलल्या, खळीचे थेंब पडले होते तिथे पाणी ओतून खराटा फिरवला. शेवटचा बांबू मी आत नेत होते तेव्हा शाळेची घंटा झाली. बोळ मोकळा होता. अध्यक्षांनी ओव्हरसियरकडे बघितलं, आणि ओव्हरसियर आपल्या बुटांकडे. मग ते पटापट चालत मोटारीकडे गेले. कोर्टात त्यांना उशीर झाला असणार. त्यांच्या बोटांना खळ चिकटलेली होती.

ते गेल्यावर मामंजींनी ओसरीवर काठी आपटली. "पेठंत माजं नाक कापलंस."

"नाक हाय जाग्यावर," आत्याबाई म्हणाल्या. "हात धुवा, जेवाय वाढतो."

मामंजी जेवले. त्यांनी दोनदा आमटी मागितली, तेव्हा मी ओळखलं की राग वरवरचा आहे. पण अजून काहीच ठरलं नव्हतं. हसून गेलेला माणूस मत काय देईल याचा नेम काय. वकील तर हसत हसत उलट तपासणी करतात. आमच्या ह्यांनी सोलापूरला कळवून ठेवलं होतं, आणि मतं पेठेविरुद्ध गेली तर त्याच आठवड्यात निघायचं ठरलं होतं. मी त्यांचे कपडे धुऊन घडी करून ठेवले आणि ते दुसऱ्या कुणाचे आहेत असं मनाला सांगत राहिले.

मीटिंगच्या दिवशी आत्याबाईंनी लेकाला मामंजींबरोबर धाडलं. दोघे दुपारी गेले. आत्याबाईंनी त्या दुपारी तांदूळ निवडले, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले, आणि मग मी नको नको म्हणत असताना माझी वेणी घातली. इतकी घट्ट की कपाळ ताणलं गेलं.

दिवे लागायच्या सुमाराला ते आले. ह्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना, कारण मामंजींनी त्यांना बजावून ठेवलं होतं की मीटिंगचं मी सांगणार. आणि मामंजी मीटिंग सांगायचे ती पहिल्यापासून. कोण कुठे बसला, कुणी कुणाला अनुमोदन दिलं, कुठला विषय पुढच्या मीटिंगला ढकलला. मधलं एक वाक्य गाळलं तर म्युनिसिपालिटी कोसळेल असं त्यांना वाटायचं. ते ओसरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सुरू झाले. पहिला विषय गटारांचा. मग दवाखान्याच्या कौलांचा. मग एका मेंबराला खोकला आला. मी दाराच्या आड उभी राहून दाराची कडी घट्ट धरली होती.

"मग पोटनियम आला," मामंजी म्हणाले. "ओव्हरसियर उठला. म्हनाला, रस्ते मोकळे पायजेत. मग अध्यक्ष उठलं. म्हनालं, मी सोताच्या हातानं धागा सांधून आलोय, आनी मला येत न्हाय ते काम कोन करतंय तेबी बघून आलोय. म्हनालं, शाळंची घंटा व्हायच्या आत पेठ मोकळी असती. मग ते काय म्हनालं..."

"आप्पा," आमचे हे म्हणाले, "सांगा की आता."

मामंजींनी लेकाकडे रागानं बघितलं, पण त्यांचा आवाज बदलला. "पास झालं. विनकरांच्या पेठंत शाळंची घंटा होईस्तवर पांजनी करायला मुभा. लई मतांनी. पेठंत आलेल्या दोन मेंबरातला एक हात वर न करता बसला, तेवडंच." आणि मग, मला वाटतं पहिल्यांदाच, मीटिंगचे पुढचे विषय त्यांनी सांगितलेच नाहीत.

माझ्या हातातून कडी सुटली. मी तिथेच मटकन खाली बसले आणि रडायला लागले. पोटात बाळानं पाय मारला. इतकं हलकं वाटलं मला, इतकं, की त्या घटकेला मामंजींनी विहिरीला आणखी एक रहाट बसवला असता तरी मी ओढला असता. आमचे हे माझ्याकडे बघत होते आणि हसत होते, आणि मग डोळे पुसायला लागले. पुढे ते गिरणीत कधीच गेले नाहीत.

आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. हळूच पुढे आल्या, लेकाच्या दंडाला हात लावला, बाजारात कापडाचा पोत बघावा तसा तो दंड दोन बोटांत धरून ठेवला.

"एक तरी राह्यला माजा," त्या म्हणाल्या.

थोरल्याचं नाव त्या घरात त्यानंतर बोललं जाऊ लागलं. त्याच संध्याकाळी, जेवताना, मामंजींनी ते पहिल्यांदा घेतलं, आणि आत्याबाईंनी त्यांना थांबवलं नाही.